धान्य कोणाच्या हातून येते? सुमेरच्या दैनंदिन जीवनावरील फलकांच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२४

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील लांब भिंतीसाठी ‘सुमेरमधील दैनंदिन जीवन’ (सुमेर म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधला प्राचीन प्रदेश) या विषयावर सहा फलक तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते लागले पाहिजेत. मदतीला बँकेतून निवृत्त झालेल्या एक सभासद आहेत, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, आणि चित्रे काढण्यासाठी कला महाविद्यालयातील एक विद्यार्थी आहे.

पहिला आराखडा मी नेहमीच्या पद्धतीने केला होता: घर, अन्न, वस्त्र, शिक्षण, धर्म आणि करमणूक असे सहा चौकोन. तो दुपारीच बाजूला ठेवला. एरिडू येथील सर्वांत जुनी वस्ती इ.स.पू. सहाव्या सहस्रकातली आणि निप्पूरच्या ज्या शाळेपाशी आम्ही थांबणार आहोत ती इ.स.पू. अठराव्या शतकातली, मधल्या साडेतीन हजारांहून अधिक वर्षांना ‘सुमेरी लोक जवाची भाकरी खात व बिअर पीत’ असे एकच वाक्य लावले, तर काही बदलले होते याचा प्रेक्षकाला पत्ताच लागणार नाही. राजांची यादी लावणे सोपे असले तरी तिच्यातून बदलाचा क्रम कळतो आणि बदललेले जगणे तेवढे सुटून जाते.

ताईंनी विचारले, “मग सगळ्या काळाला एकच प्रश्न का विचारू नये?” तो प्रश्न संध्याकाळपर्यंत ठरला. साध्या माणसाच्या ताटात पडणारे धान्य कोणाच्या हातून येत होते? प्रत्येक फलक या एकाच प्रश्नाचे त्या त्या काळातले उत्तर देईल.

२१ जून २०२४

पहिला फलक उबैद काळाचा, म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या वस्त्यांच्या काळाचा. दक्षिण इराकच्या या सपाट गाळाच्या प्रदेशात दगड नाही, चांगले लाकूड नाही आणि शेतीला पुरेल एवढा पाऊसही नाही. नदीतून कालव्याने आणलेले पाणी, माती, बोरू आणि मासे एवढीच खरी संपत्ती. दगड नसल्यामुळे इथल्या शेतकऱ्यांनी कापणीचे विळेसुद्धा माती कडक भाजून केले. हे वाचून चित्रकाराचा विश्वास बसेना. मातीचा विळा पहिल्याच दिवशी मोडणार, असे त्याचे म्हणणे. मोडतच असणार, कारण उत्खननात त्यांचे तुकडे भरपूर सापडतात; पण मोडला तरी नवा करायला माती पायाखालीच होती.

एरिडू येथे इराकच्या पुरातत्त्व विभागाने १९४६ ते १९४९ या काळात केलेल्या उत्खननात एकाच जागी एकावर एक बांधलेल्या देवळांचे थर मिळाले. सर्वांत खालचे देऊळ एका लहान खोलीएवढे आहे आणि वरच्या थरांतील काही देवळांत नैवेद्याच्या माशांचे काटे पडलेले होते. शेजारच्या स्मशानातील थडग्यांत श्रीमंत आणि गरीब हा फरक फारसा दिसत नाही. एका मुलाच्या शवावर त्याचे कुत्रे आडवे ठेवलेले होते आणि कुत्र्याच्या तोंडाजवळ एक हाड होते. फलकावर हेच चित्र मोठे घ्यायचे ठरवले.

प्रश्नाचे उत्तर इथे थोडक्यात देता येते: धान्य मुख्यतः घरच्या कणगीतून येते. देवळाकडे जाणारा वाटा आहे, पण देवळाकडून परत येणाऱ्या धान्याचा हिशेब अजून कोणी लिहीत नाही, कारण लिपीच नाही.

३ जुलै २०२४

दुसरा फलक त्यानंतरच्या, उरुक शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळाचा आहे आणि त्याचा नायक एक ओबडधोबड वाडगा आहे. जाड, भुसा मिसळलेल्या मातीचा, तिरप्या कापलेल्या काठाचा हा वाडगा इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या थरांत इतक्या प्रचंड संख्येने सापडतो की उत्खनन करणारे त्याला कंटाळतात. तो चाकावर केलेला नाही. साच्यात माती दाबून काढलेला आहे. त्या आधीच्या उबैद काळात सुंदर नक्षीची, पातळ भांडी होत होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा वाडगा जास्तच खटकतो.

आज तो करून पाहिला. अंगणात मूठभर खोल खड्डा केला, त्यात राख भुरभुरली, तणस मिसळलेली माती दाबली आणि काठ बोटाने तिरपा कापला. पहिला वाडगा खड्ड्यालाच चिकटून बसला, कारण राख कमी पडली होती. दुसरा निघाला. दहाव्यापर्यंत हाताला सवय झाली. गावातल्या कुंभारकाकू बघायला आल्या होत्या. त्यांनी एक वाडगा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाल्या, “ह्याला कुंभार कशाला पाहिजे, सर? हे कोणीही करील.”

त्यांच्या या एका वाक्यात फलकाचा मजकूर सापडला. हे भांडे कुशल कारागिराचे नाही. पटापट करा, वापरा आणि टाकून द्या, या हिशेबाने ते केलेले आहे. ज्या ठिकाणी एकाच वेळी पुष्कळ माणसांना जेवू घालायचे असते, तिथेच असल्या भांड्याची गरज पडते.

१२ जुलै २०२४

पावसामुळे दहापैकी सहा वाडगे वाळण्याआधीच तडकले. उरलेले चार काकूंच्या भट्टीत भाजून झाले. प्रत्येकात पाणी ओतून मोजले, तर एकाचेही माप दुसऱ्याशी जुळत नाही. हाच आक्षेप अभ्यासकांनीही घेतलेला आहे. हे वाडगे रोजचा शिधा मोजून देण्यासाठी होते, हे मत बरेच दिवस मान्य होते. परंतु खऱ्या वाडग्यांची मापेही कमी-जास्त निघाल्यामुळे काहींनी ते पाव भाजण्याचे साचे असावेत असे सुचवले. दोन्ही मते फलकावर देणार आहे. साचा असो वा ताट, पुष्कळ लोकांचे अन्न एकाच जागी तयार होत होते, एवढे दोन्ही मतांत समान आहे. शिवाय उरुकच्या आद्य लिपीत ‘खाणे’ हे चिन्ह माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी धरलेला असाच वाडगा मिळून तयार होते, हा पुरावा बाजूला सारता येत नाही.

लिपीचा उगमही याच फलकावर आला पाहिजे. उरुकमध्ये सापडलेल्या सुमारे ५,००० आद्य मृत्तिकापट्टिकांपैकी बहुतेक हिशेबाच्या आहेत. एका पट्टिकेवर २९,०८६ मापे जव, ३७ महिने आणि ‘कुशिम’ असे वाचले जाते. कुशिम हे माणसाचे नाव की पदाचे, यावर वाद आहे. ताईंनी चित्र बराच वेळ न्याहाळले आणि “सही आणि शिक्का एकाच जागी आहेत,” असा शेरा मारला.

शहर वाढले, हे सांगायला मी विसरू नये: इ.स.पू. २९००च्या सुमारास तटबंदीच्या आतील उरुक सुमारे साडेपाच चौरस किलोमीटर होते. एवढ्या वस्तीतील प्रत्येक घर आपल्या कणगीतले खात होते, असे मानता येणार नाही.

२६ जुलै २०२४

आजचा सगळा दिवस एका शब्दात गेला. मंदिराकडून किंवा राजवाड्याकडून माणशी दरमहा मोजून दिल्या जाणाऱ्या जवाला मराठीत काय म्हणावे? ‘रेशन’ म्हटले तर दुकान, कार्ड आणि पैसे डोळ्यांसमोर येतात. वाचनालयाच्या समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी ‘बलुते’ सुचवले. मला ते पटले नाही: बलुते हा वंशपरंपरेने चालत आलेला हक्क आहे, सुगीच्या वेळी खळ्यावर तो मागून घेता येतो आणि देणारे अनेक शेतकरी असतात. सुमेरमध्ये देणारी संस्था एक, घेणारे शेकडो, आणि न दिल्यास मागायला दुसरे दार नाही. शेवटी ‘शिधा’ हा शब्द ठरला. कोरडे धान्य, मोजून दिलेले, एका धन्याच्या कोठारातून आलेले, हे सगळे त्यात आहे.

तिसरा फलक लगश राज्यातील गिर्सू येथील पट्टिकांवर आहे. इ.स.पू. चोविसाव्या शतकात तिथे राज्यकर्त्याच्या पत्नीच्या नावाने चालणारे एक मोठे घराणे, म्हणजे स्वतःची जमीन, कामगार आणि कोठार असलेली संस्था, होते. त्याच्या हिशेबाच्या दीड हजारांहून अधिक पट्टिका मिळाल्या आहेत. विणकर स्त्रिया, दळणाऱ्या स्त्रिया, कोळी, माळी, गुराखी, बिअर करणारे असे सगळे त्यांत नावानिशी येतात. काहींना पोटापुरती जमीन दिलेली असे आणि त्यांना शिधा वर्षातले काही महिनेच मिळे. ज्यांना जमीन नव्हती त्यांचे मात्र बारा महिने कोठारावर अवलंबून होते. एका ओळीतला हा फरक फलकावर ठळक यायला हवा.

याच लगशचा राजा उरुकगिना याने, इ.स.पू. २३५०च्या आसपास, आपण प्रजेला जाचातून सोडवले असे कोरून ठेवले. त्यात दफनविधीचा दर आहे. पूर्वी प्रेत पुरायला आणले की विधी करणारा ७ घडे बिअर, ४२० भाकऱ्या, धान्य, एक वस्त्र, एक बकरा आणि एक बाज घेऊन जाई. नव्या दरात बिअर ३ घड्यांवर आणि भाकऱ्या ८० वर आल्या. सुधारणेनंतरही ८० भाकऱ्या! कणगी रिकामी करण्याचे मृत्यू हे एक हमखास निमित्त होते, हे या आकड्यांवरून कळते.

या राजाची आमच्या पाठ्यपुस्तकी पद्धतीने फार स्तुती करू नये असे मला वाटते. राणीचे ते घराणे त्याने बाऊ देवीच्या मालकीचे म्हणून जाहीर केले खरे, पण कारभार त्याच्याच पत्नीकडे राहिला आणि शिध्याच्या याद्या पूर्वीसारख्याच लिहिल्या जात राहिल्या. दारावरची पाटी बदलली, इतकेच.

९ ऑगस्ट २०२४

चौथा फलक उर या शहराच्या तिसऱ्या राजवंशाचा, इ.स.पू. २११२ ते २००४. साहित्य इतके आहे की निवड करणेच अवघड. या एका शतकातील सुमारे एक लाख पट्टिका ज्ञात आहेत आणि त्यांतून राज्यच एक मोठे कोठार झाल्यासारखे दिसते. उर-नम्मू आणि त्याचा मुलगा शुल्गी यांच्या काळात वजनमापे, महिने व हिशेबाचे नमुने एकसारखे केले गेले. सामान्य पुरुष कामगाराला महिन्याला ६० सिला (धान्याचे माप) जव, स्त्रीला ३०, मुलांना वयानुसार १० ते २०. वर्षातून एकदा लोकर: पुरुषाला ४ मिना (वजनाचे माप), स्त्रीला ३.

ताईंनी आज उम्मा येथील एका मुकादमाच्या वार्षिक हिशेबाचे भाषांतर माझ्यासमोर खतावणीसारखे वाचले. आधी मागच्या वर्षाची बाकी. तिच्यात या वर्षी त्याच्या हाताखाली दिलेल्या माणसांचे दिवस मिळवलेले. मग झालेले काम वजा: कालव्याची माती काढली इतके दिवस, बोरू वाहिला इतके दिवस, पीठ दळले इतके दिवस. शेवटी तूट, आणि ती पुढच्या वर्षी ओढलेली. “हा हजेरीपट नाही,” ताई म्हणाल्या, “हे कर्जखाते आहे. बहुतेक वर्षी माणूस तुटीतच राहील असेच दर लावलेत.” त्यांचे निदान बरोबर आहे. मुकादम मेला तर ती तूट त्याच्या घरातून वसूल केली जाई, अशी प्रकरणे याच पट्टिकांत आहेत.

सुट्टीसुद्धा हिशेबात आहे. प्रशासकीय महिना सरसकट ३० दिवसांचा धरलेला. स्त्री-कामगाराचा सहावा भाग दिवस मोकळा, पुरुषाचा दहावा. म्हणजे तिला महिन्यात पाच दिवस आणि त्याला तीन. साधे पीठ दिवसाला १० सिला दळले पाहिजे, असे प्रमाण होते. तिचा स्वतःचा शिधा दिवसाला एक सिला. ही दोन वाक्ये एकमेकांखाली लावणार आहे, त्यावर भाष्य करणार नाही.

१७ ऑगस्ट २०२४

दोन चुका सापडल्या, एक माझी आणि एक चित्रकाराची.

माझी अशी की मसुद्यात मी ‘६० किलो जव’ लिहिले होते. सिला हे आकारमानाचे माप आहे, साधारण एका लिटरचे. आपल्याकडेही धान्य पायली-मापट्याने मोजत असत, तेव्हा ही चूक मला शोभणारी नव्हती. किराणा दुकानातून जव आणून लिटरच्या मापाने तोलला, तर एका लिटरला ६३० ग्रॅम भरले. म्हणून पुरुषाचा महिन्याचा शिधा ३७.८ किलो, स्त्रीचा १८.९. यातूनच भाकरी, यातूनच बिअर आणि उरलेच तर यातूनच मासळी-कांद्याची अदलाबदल.

चित्रकाराने दळणाऱ्या बाईपुढे गोल जाते काढले होते. फिरते जाते पुष्कळ नंतरचे. या बायका गुडघ्यांवर बसून, आडव्या दगडावर दुसरा दगड पुढे-मागे ढकलून दळत. पाट्या-वरवंट्याची कल्पना त्याच्या लगेच लक्षात आली, पण मसाला वाटणे वेगळे आणि दहा लिटर पीठ काढणे वेगळे. मी त्याला अर्धा लिटर जव पाट्यावर दळायला दिला. पाऊण तासाने तो उठला, तेव्हा पिठात निम्म्याहून अधिक भरडा होता. नव्या चित्रात बाईचे खांदे त्याने बरोबर काढले आहेत.

३० ऑगस्ट २०२४

दोन लहान विषय आज निकालात काढले.

पहिला, क्षारपड जमिनीचा. थॉर्किल्ड याकोब्सेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५८ मध्ये असे मांडले की सततच्या सिंचनाने जमिनीत मीठ चढले, गव्हाचा वाटा घटत गेला आणि क्षार सोसणारा जवच उरला. मार्विन पॉवेल यांनी पुढे याच पुराव्यांच्या वाचनावर शंका घेतली. जव वरचढ झाला, हे दिसते. सुमेरचा ऱ्हास मिठाने झाला, हे मी फलकावर लिहिणार नाही.

दुसरा, भारताचा संबंध. समितीला तो हवाच होता आणि तो खराही आहे. उरच्या राजेशाही थडग्यांत सिंधू खोऱ्यातील कार्नेलियनचे (लालसर अकीकाचे) मणी मिळाले आहेत, आणि पट्टिकांत येणारा मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. मणी सर्वांनाच आवडतात. मला मात्र उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातील, गिर्सूच्या बाजूचे ‘मेलुह्हाचे गाव’ अधिक मोलाचे वाटते, कारण पट्टिकांत ते मण्यांसाठी येत नाही, कोठारातल्या जवासाठी येते. परदेशी नाव असलेले ते गावही तोवर शिध्याच्या त्याच यंत्रणेत बसले होते.

१४ सप्टेंबर २०२४

पाचव्या फलकावर कोठार रिकामे होते. उरच्या त्याच राजवंशाचा शेवटचा राजा इब्बी-सिन याच्या काळात प्रांत एकेक करून सुटले. शाळांत पुढे नकलून घेतल्या जाणाऱ्या एका पत्रात त्याचा अधिकारी इश्बी-एर्रा लिहितो की २० टॅलेंट (वजनाचे माप) चांदीत त्याने ७२,००० गुर जव घेतला. ताईंनी लगेच गणित केले: एक टॅलेंट ३,६०० शेकेल, म्हणजे बरोबर एका शेकेलला एक गुर, अर्थात ३०० सिला. एक शेकेल चांदीत पुरुषाचा पाच महिन्यांचा शिधा. हाच त्या काळी योग्य मानलेला भाव. पत्र खरे असो वा शाळेत रचलेले, धान्य आता चांदी मोजून आणावे लागत होते, हे त्यात उघड आहे. इ.स.पू. २००४ मध्ये पूर्वेकडील एलामच्या सैन्याने उर घेतले.

पुढच्या दोन-अडीच शतकांतील उरची घरे लिओनार्ड वूली यांनी १९३०च्या सुमारास खोदली. मधले अंगण, भोवती खोल्या, मागच्या बाजूला घरचे देवघर आणि जमिनीखाली कुटुंबाचे विटांचे थडगे. राजवाडे आणि देवळे संपलेली नाहीत, पण दरमहा शिधा घेणाऱ्यांच्या लांबलचक याद्यांच्या जागी आता मजुरीचे करार, जमिनीचे खरेदीखत, वाटणीपत्रे आणि कर्जरोखे येतात. दिलमूनहून (आजच्या बहरीनच्या बाजूहून) तांबे आणण्यासाठी व्यापारी लोकांकडून चांदी घेतात. व्याजाचा रूढ दर चांदीवर २० टक्के आणि जवावर ३३ टक्क्यांच्या थोडा वर. सुगीआधी जव उसना घेणाऱ्याला तिसऱ्या हिश्शाएवढा जास्त जव परत द्यावा लागे, आणि नाही जमले तर घरातले माणूस तारण जाई.

समितीतील एका सदस्यांनी विचारले की मग आधीचे बरे की नंतरचे. ३० सिलांची बाई आणि तारण गेलेली मुलगी यांची तुलना करून मला उत्तर देता आले नाही.

२८ सप्टेंबर २०२४

सहावा फलक निप्पूरचा. तिथल्या एका साध्या घरात, ज्याला उत्खनन करणाऱ्यांनी ‘एफ’ असे नाव दिले, सुमारे १,४०० पट्टिका मिळाल्या, बहुतेक विद्यार्थ्यांच्या. जुन्या पट्टिका भिजवून पुन्हा मळण्यासाठी मातीची एक कुंडीही त्या घरात होती. सुमेरी भाषा तोवर घराघरांतून गेली होती, लोक अक्कडी बोलत होते, आणि लहान मुले ती मेलेली भाषा छडी खात शिकत होती. ‘ज्याचा हात तोंडाबरोबर धावतो तोच खरा लेखनिक’ ही म्हण त्यांना गिरवायला असे.

अशाच एका शाळेतील दिवसाचे वर्णन करणारी एक सुमेरी रचना आहे. तीतला मुलगा सकाळी उठतो, आईला म्हणतो की मला जेवण दे, शाळेत जायचे आहे. आई त्याला दोन भाकऱ्या देते आणि तो निघतो. नंतर उशीर, बडबड, वाईट अक्षर अशा एकेका कारणासाठी मार बसतो आणि अखेर वडील गुरुजींना घरी जेवायला बोलावून नवे वस्त्र आणि अंगठी देऊन त्यांचा राग घालवतात. फलकासाठी मला फक्त त्या दोन भाकऱ्या हव्या आहेत. पहिल्या फलकावर धान्य घरातून येत होते, इथेही घरातून येते; फरक एवढाच की आता त्या घरात कराराच्या पट्टिका जपून ठेवलेल्या आहेत.

‘भाकरी’ की ‘रोटी’, यावर पुन्हा चर्चा झाली. ती तव्यावरची नव्हती, मातीच्या भट्टीच्या भिंतीला लावून भाजलेली होती. अक्कडीत त्या भट्टीला ‘तिनूरू’ म्हणत आणि आपला ‘तंदूर’ त्याच घराण्यातला. तरीही आईने डब्यात दिलेली म्हणून ‘भाकरी’च ठेवली.

५ ऑक्टोबर २०२४

फलक काल लागले. चौथ्या फलकाखाली जवाची दोन पोती ठेवली आहेत, ३७.८ किलोचे एक आणि १८.९ किलोचे एक, आणि लोकांनी ती उचलून पाहावीत अशी पाटी लावली आहे. लोक फलक वाचण्याआधी पोतीच उचलतात, याची मला कल्पना नव्हती.

सकाळी नववीच्या मुली आल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारले, “सर, मुलांचा शिधा कोणाच्या नावावर लिहायचे?” विणकर आणि दळणाऱ्या स्त्रियांच्या याद्यांत मुले आईच्या नावाखाली येतात, असे मी सांगितले. तिने लहान पोते उचलून पाहिले आणि मग विचारले की मुलांचे पोते कुठे आहे. ते आम्ही ठेवलेच नव्हते.

दुपारी ६.३ किलो जव मोजून तिसरी पिशवी भरली आणि दुसऱ्या पोत्याला टेकवून ठेवली. ताईंनी तिच्यावर चिठ्ठी लावली: १० सिला, सर्वांत लहान मूल.